प्लॉट स्वस्त, घर महाग

नागपूरहून वर्धा रोडने, उमरेड रोडने किंवा जबलपूरच्या महामार्गाने बाहेर पडले की शहर संपायच्या आधीच लेआउटचे फलक सुरू होतात. शेताच्या कडेला एक कमान, आत मुरमाचे आखलेले रस्ते, चुन्याने मारलेल्या रेघा आणि ‘एनए, टीपी, आरएल’ ही अक्षरे. हे प्लॉट घेणारे कोण, हे पाहिले तर त्यात सट्टेबाज असतातच; पण वेस्टर्न कोलफील्ड्समधून, आयुध निर्माणीतून, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून किंवा शाळेतून निवृत्त झालेली माणसेही मोठ्या संख्येने असतात. मुले पुण्याला किंवा हैदराबादला, हातात ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम, आणि शहराच्या गर्दीतून बाहेर, मोकळ्या हवेत, अंगण असलेल्या घरात राहायची जुनी इच्छा. त्यांच्यात आता पुण्या-मुंबईत तीस वर्षे काढून वैदर्भीय मुळांकडे परतू पाहणाऱ्यांची भर पडते आहे. ही इच्छा चांगली आहे आणि नागपूर जिल्ह्यात ती पुरी होऊही शकते. माझे म्हणणे एवढेच, की ती पुरी करण्याची जागा महामार्गावरचा लेआउट नव्हे. रामटेक, उमरेड, काटोल, सावनेर यांसारख्या, नगरपरिषद असलेल्या जुन्या गावाच्या वस्तीत आधी भाड्याने राहावे आणि मग तिथेच घर घ्यावे. लेआउटचा भाव कमी दिसतो, कारण घर चालायला लागणाऱ्या अर्ध्या गोष्टींची किंमत त्यात धरलेलीच नसते.

शहरातल्या एखाद्या जुन्या वस्तीत, समजा लक्ष्मीनगरात किंवा नंदनवनात, घराची जी किंमत पडते तिच्यात फक्त जमीन नसते. जमिनीखालची जलवाहिनी, गडरलाइन, डांबरी रस्ता, पथदिवे, कोपऱ्यावरचा दवाखाना, दहा मिनिटांवरची बस आणि मालकीचा पन्नास वर्षांचा न मोडलेला कागद, हे सगळे त्या रकमेत असते. कुणीतरी कधीतरी त्याचे पैसे भरलेले असतात. नव्या लेआउटमध्ये यांपैकी बऱ्याच गोष्टी ‘येणार आहेत’ या सदरात मोडतात. त्या येईपर्यंत बोअर आपण मारतो, सेप्टिक टँक आपण बांधतो, डीपी बसवून घेण्यासाठी महावितरणच्या कार्यालयात खेपा आपण घालतो, पावसाळ्यात गाडी रुतू नये म्हणून मुरूम आपण टाकतो. आणि सोयी खरोखरच आल्या की विकास शुल्काच्या रूपाने पुन्हा आपणच पैसे भरतो. म्हणून दर चौरस फुटाचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी असते. एका आकड्यात नगर आहे, दुसऱ्यात फक्त माती आहे.

या यादीतली पहिली आणि सर्वांत जड बाब पाण्याची. नागपूर शहराचे पाणी मुख्यतः पेंच नदीचे. तोतलाडोहच्या धरणातून नवेगाव खैरीच्या जलाशयात आणि तिथून शहरात येणारे, जोडीला कन्हान. चोवीस तास पाण्याची योजना राबवू पाहणाऱ्या याच शहरावर जुलै २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. तोतलाडोहचा जिवंत साठा संपला होता आणि पावसाने ओढ दिली होती. वरच्या बाजूला, मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाल्यापासून खाली येणारे पाणी कमी झाले, हेही त्यामागचे कारण. एवढी यंत्रणा, एवढे राजकीय वजन आणि दोन नद्या हाताशी असलेल्या महानगराची ही गत असेल, तर ज्या लेआउटची सगळी भिस्त एका बोअरवर आहे त्याचे मे महिन्यात काय होते, याचा विचार विकत घेणाऱ्याने आधी करायला हवा. बोअरचे पाणी जमिनीखालच्या खडकावर अवलंबून असते आणि नागपूर अशा जागी वसले आहे की पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आणि पूर्वेला फार जुने रूपांतरित खडक. दोन्हीकडे पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते, त्यामुळे एका प्लॉटवर लागलेले पाणी शंभर फुटांवर लागेलच असे नाही. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बागा वाचवण्यासाठी बोअर किती खोल न्यावे लागले, हे तिथला कोणताही शेतकरी सांगेल. पलीकडच्या वरुड-मोर्शीचे नाव तर भूजलाच्या अतिउपशासाठी राज्यभर घेतले जाते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपाच्या दिवसांत इथे कूलर ही चैन नसते, वृद्धांसाठी ती जीव वाचवणारी वस्तू असते, आणि कूलर पाणी पितो. म्हणजे वर्षातले सर्वांत कमी पाणी आणि सर्वांत जास्त गरज एकाच पंधरवड्यात येतात. प्लॉट मात्र बहुधा दिवाळीनंतर दाखवले जातात, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि शेत हिरवे असते.

अशी कोंडी केवळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले अ‍ॅरिझोना हे राज्य वाळवंटी, कोरड्या हवेचे, निवृत्तांचे आवडते. तिथे १९८० मध्ये भूजलाचा कायदा झाला. त्यातून आलेल्या नियमानुसार राज्याच्या पाणीटंचाईच्या क्षेत्रांत सहा किंवा अधिक भूखंडांचा लेआउट पाडायचा, तर शंभर वर्षे पुरेल एवढ्या पाण्याची हमी आधी दाखवावी लागते. नियम कडक आहे, पण त्याला दार राहिले. जमिनीचे पाच किंवा त्याहून कमी तुकडे केले की हमी लागत नाही. मग पाच-पाच तुकडे करत वस्त्या वाढल्या. स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीबाहेरची रिओ व्हर्दे फूटहिल्स ही त्यांतलीच एक. प्रशस्त घरे, डोंगराचे दृश्य, हद्दीबाहेर असल्याने शहराचा कर नाही. पाणी कुठून? ज्यांच्या विहिरी आटल्या किंवा लागल्याच नाहीत, अशी पाचशेहून अधिक घरे स्कॉट्सडेलच्या भरणकेंद्रावरून येणाऱ्या टँकरवर जगत होती. कोलोरॅडो नदीचे पाणी घटले तेव्हा शहराने आधी सूचना देऊन १ जानेवारी २०२३ पासून हद्दीबाहेरच्या टँकरना पाणी देणे थांबवले. लोक न्यायालयात गेले, कागदी ताटल्यांत जेवू लागले, पावसाचे पाणी साठवू लागले. शेवटी त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करून तात्पुरती सोय लावावी लागली. तिथली घरे बेकायदेशीर नव्हती आणि घेणारे अडाणीही नव्हते. पाण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हा एक प्रश्न मात्र विकणाऱ्याने टाळला आणि घेणाऱ्याने विचारला नाही. नागपूरच्या हद्दीबाहेर टँकर येतो तो कुणाच्या आदेशाने येतो, आणि त्या आदेशावर आपला हक्क आहे की ती कुणाची मेहेरबानी आहे, हे इथेही विचारायला हवे.

पाणी कमी पडण्याइतकेच ते नको तिथे येण्याचेही भय असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या सुस्थित वस्त्यांतल्या घरांत पाणी शिरले. सगळे शहराच्या मध्यात, मंजूर नकाशे असलेल्या भागात. तेव्हा ज्या लेआउटमध्ये नाल्याला मुरूम टाकून बुजवले आहे आणि प्लॉटची संख्या वाढवली आहे, तिथे पाणी आपली जुनी वाट शोधणारच. नागपूरच्या पश्चिम-दक्षिण पट्ट्यातली काळी माती तर पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा दिसू लागतात. कठीण थरापर्यंत पाया नेण्याचा खर्चही प्लॉटच्या भावात नसतो.

आता कागदाकडे वळू, कारण या विषयात नागपूरचा इतिहास स्वतःच मोठा पुरावा आहे. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने स्थापन झाला, म्हणजे नियोजनाची यंत्रणा या शहराला स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. तरीही शहराचा दक्षिण आणि पूर्व भाग मोठ्या प्रमाणात मंजुरीविना पाडलेल्या लेआउटमधून वाढला. गृहनिर्माण सहकारी संस्था शेतकऱ्याकडून जमिनीचा करार करायच्या, नकाशा कागदावर काढायच्या आणि सभासदांना प्लॉट वाटायच्या. मंजुरी, रस्ते, गडर यांचा पत्ता नाही. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ ही नावे नागपूरकरांना आजही परिचित आहेत. ते आकडे म्हणजे नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटची मोजदाद. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारीचा कायदा केला, १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांना नियमित होण्याची वाट दिली. पुढे वीस वर्षांत तशाच नव्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा, की मग बिघडले कुठे? शेवटी नियमित होतेच ना? ज्यांनी १९८५ मध्ये पाच-दहा हजारांत प्लॉट घेतले, ते आज कोट्यधीश आहेत. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या भागांत ज्यांनी लवकर जमीन घेतली त्यांतले अनेक जण नफ्यात आहेत. पण त्या नफ्यात काय काय गेले तेही मोजावे. हुडकेश्वर आणि नरसाळा महापालिकेत आले ते २०१३ मध्ये. तोवर ज्यांचे घर बांधून झाले होते, त्यांच्या मुलांचे अख्खे बालपण चिखलातून सायकल ढकलत शाळेत जाण्यात गेले. आणि मुख्य फरक वयाचा आहे. पस्तिसाव्या वर्षी प्लॉट घेणारा माणूस वीस वर्षे थांबू शकतो. प्रतीक्षा हीच त्याची गुंतवणूक असते. बासष्टाव्या वर्षी घेणाऱ्याला गडरलाइन ब्याऐंशीव्या वर्षी मिळाली, तर ती त्याच्या काय कामाची? जो सौदा गुंतवणूक म्हणून कदाचित बरा ठरेल, तोच राहण्यासाठी वाईट ठरतो. दोन्ही हेतू एकाच प्लॉटमध्ये साधू पाहणारे बहुधा दोन्ही गमावतात.

निवृत्त माणूस कागदाच्या बाबतीत जास्त उघडा पडतो, आणि त्याचे कारण त्याच्या हातातली रोकड. कर्ज काढून घर घेणाऱ्या तरुण जोडप्यामागे बँकेचा वकील असतो. तो तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतो, मंजूर नकाशा मागतो, अडचण दिसली की कर्ज नाकारतो आणि नकळत त्या जोडप्याला वाचवतो. रोखीने घेणाऱ्याला कुणी अडवत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला की मालकी पक्की झाली असे तो समजतो. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदवला जातो. विकणाऱ्याला ती जमीन विकण्याचा अधिकार होता की नाही, याची ग्वाही ती नोंदणी देत नाही. म्हणून पैसे पूर्ण हाताशी असले तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत त्या प्लॉटवर कर्ज मिळते का, हे अवश्य विचारावे. मिळत नसेल तर कारण विचारावे, आणि ते कारण विकणाऱ्याच्या गोड बोलण्यापेक्षा गंभीरपणे घ्यावे. बयाणा देण्याआधी सातबारावर खसरा क्रमांक, मौजा, भोगवटादाराचा वर्ग पाहावा. वर्ग दोन असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. शेतजमीनच घेत असाल तर विदर्भासाठीचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती घेऊ देत नाही, आणि तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. त्यात वेळोवेळी सवलती आल्या, तरी फार्महाउस म्हणून पाच-सात गुंठे विकणाऱ्याने कोणत्या सवलतीखाली विकले, हे त्याने लेखी दाखवायला हवे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. लेआउट मंजूर करण्याचा अधिकारही ग्रामपंचायतीला नाही. नागपूरभोवतालच्या ७१९ गावांसाठी २०१७ पासून तो महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएमआरडीएकडे आहे. आणि जाहिरातीतल्या ‘आरएल’ या अक्षरांमागे दोन अगदी वेगळी पत्रे असू शकतात. एक, मंजूर लेआउटमध्ये ठरलेली विकासकामे झाल्यावर प्राधिकरण प्लॉट मोकळे करते ते. दुसरे, अनधिकृत प्लॉट शुल्क भरून नियमित केल्याचे. पहिल्यामागे रस्ता आणि नाली असते, दुसऱ्यामागे कधी कधी फक्त पावती. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरचे प्लॉट विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. तिचा क्रमांक फलकावर वाचून थांबू नये, महारेराच्या संकेतस्थळावर जाऊन त्याखाली कोणते नकाशे आणि कोणत्या मुदती नोंदवल्या आहेत ते पाहावे.

जुन्या गावाचा पर्याय मी पुढे करतो तो याच हिशेबातून. रामटेकचे उदाहरण घ्या. नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर, गडावरचे मंदिर, अंबाळा तलाव, जवळच वाकाटकांच्या नंदिवर्धनाशी जोडले जाणारे नगरधन, १९९७ मध्ये स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ, तालुक्याचे न्यायालय, तहसील, रुग्णालय, बँका, बसस्थानक, नागपूरला जाणारी रेल्वे. हे सगळे तिथे आज आहे, माहितीपत्रकात नाही. नगरपरिषदेचा नळ उन्हाळ्यात एक दिवसाआड येत असेल. पण तो न आल्यास जाब विचारायला नगरसेवक आणि मुख्याधिकारी आहेत, आणि आपल्यासारखीच हजारो घरे आपल्या बाजूला आहेत. उमरेडला खाणींमुळे, काटोलला संत्र्याच्या बाजारामुळे, सावनेरला रस्त्यांच्या नाक्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसांची ये-जा आहे. बाहेरून आलेल्याला रुळायला तिथे फार वेळ लागत नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे या गावांत चालत जगता येते. किराणा, औषधाचे दुकान, देऊळ, वाचनालय, भाजीबाजार, सगळे पायी. लेआउटमधले प्रत्येक काम गाडी मागते. पासष्टीत गाडी चालवणे सुखाचे असते, पंच्याहत्तरीत मोतीबिंदू किंवा गुडघ्याने ते थांबते. त्या दिवसापासून लेआउटमधले घर बंदिवास होते, आणि तो बहुधा स्त्रीच्या वाट्याला अधिक येतो. आपल्याकडच्या या पिढीतल्या अनेक बायका गाडी चालवत नाहीत, आणि नवऱ्यामागे एकटी राहण्याची पाळीही त्यांच्यावरच जास्त येते. घर घेताना दर, दिशा आणि वास्तू यांवर तासन्‌तास चर्चा होते. आजी एकटी राहिली तर दूध आणायला कशी जाईल, हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही.

जुन्या गावातल्या घरालाही अडचणी आहेत आणि त्या लहान नाहीत. गल्ली अरुंद, घराला घर लागून, अंगण नावापुरते. कवेलूची छपरे, ओल, जुनी वायरिंग. अंगणाची आणि मोकळ्या हवेची ज्यांना खरी ओढ आहे, त्यांचे समाधान गावठाणातल्या वाड्यात होणार नाही. त्यांनी नगरपरिषदेच्या हद्दीतल्या, पंधरा-वीस वर्षे वस्ती असलेल्या नव्या भागात पाहावे, जिथे रस्ता आणि नळ पोहोचलेले आहेत. याहून मोठी अडचण वारसांची. आजोबांच्या नावावरचे घर, चार मुले, दोन मुली, त्यांची मुले, कुणी भिलाईला तर कुणी कॅनडात. एकाने विकले आणि दुसरीने दावा लावला, तर निकाल लागेपर्यंत घेणाऱ्याचेच आयुष्य सरते. पण या दोषाचा एक गुण आहे. तो शोधता येतो. नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका मिळते, तिच्यावर नावे असतात, वारसांची नोंद झाली की नाही हे दिसते. खेड्याच्या गावठाणात घर घेत असाल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके तयार होत आहेत. त्या गावात ती झाली का, हे विचारावे. सहाही वारसांच्या सह्या मिळेपर्यंत पैसे थांबवता येतात. लेआउटचा दोष मात्र भविष्यात असतो. नळ येईल की नाही, नाला बुजेल की नाही, हे कोणत्याच कागदावर आज वाचता येत नाही.

दुसरा नेहमीचा आक्षेप घाईचा: आज घेतले नाही तर भाव हाताबाहेर जातील. विमानतळाशी जोडलेला मिहान प्रकल्प येणार म्हणून वर्धा रोडवर हेच सांगितले गेले. त्यासाठीची विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली, आणि प्रकल्पाने आकार घ्यायला लोकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वर्षे घेतली. आज तिथे एम्स आहे, कंपन्या आहेत, मेट्रो खापरीपर्यंत जाते. पण ज्यांनी पहिल्या लाटेत चढ्या भावाने घेतले, त्यांची अनेक वर्षे वाट पाहण्यात गेली. समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई अंतर खरोखर कमी केले. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तरी प्रवेश-नियंत्रित महामार्ग शेजारच्या प्लॉटला काही देत नाही, ठरलेल्या जागीच त्यावर चढता-उतरता येते. उमरेड-भिवापूरची नागपूर-नागभीड छोटी रेल्वे तर रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि नव्या गाडीच्या आशेवर असलेल्यांना पुढची वर्षे बसने जावे लागले. सोयी येतात, हे मी नाकारत नाही. त्या जाहीर होतात तेव्हा भाव चढतो आणि प्रत्यक्ष येतात तेव्हा राहता येते, या दोहोंमधले अंतर निवृत्त माणसाने आपल्या खिशातून भरू नये, इतकेच. शिवाय फलकावरचा भाव हा विकणाऱ्याचा असतो. तोच प्लॉट आपण विकायला काढला की गिऱ्हाईक त्याच लेआउटमधल्या नव्या फेजकडे बोट दाखवते.

म्हणून आधी अकरा महिन्यांचा भाडेकरार करावा, आणि तो शक्यतो मार्चमध्ये सुरू करावा. तालुक्याच्या गावी भाडे पुण्या-नागपूरच्या मानाने फार कमी असते. वर्षभराचे भाडे हे चुकीच्या खरेदीच्या मुद्रांक शुल्काहूनही बहुधा कमी भरेल, कारण त्या शुल्कात आणि नोंदणीत किमतीचे सहा-सात टक्के सहज जातात. मार्चपासून राहिले की पहिला उन्हाळा लगेच कळतो: नळ किती वेळ येतो, वीज दुपारी जाते का, दुपारी बारा ते पाच आपण घरात कसे राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्या गल्लीत पाणी तुंबते ते दिसते, डेंग्यूच्या दिवसांत फवारणीची गाडी फिरते का तेही. रात्री अडीचला छातीत दुखले तर ग्रामीण रुग्णालयात कोण भेटते आणि नागपूरच्या मेडिकलला किंवा धंतोलीतल्या एखाद्या रुग्णालयात पोहोचायला खरोखर किती वेळ लागतो, हे एकदा दिवसा जाऊन मोजता येते. आणि माणसे कळतात. दिवाळीपर्यंत दोघांपैकी एकाचा जीव तिथे रमत नसेल, तर करार संपवून निघता येते. ज्यांनी प्लॉट घेऊन स्लॅब टाकली, त्यांना ती मुभा उरत नाही.

भाड्याने राहण्याचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा बोलला जात नाही. या जुन्या गावांत कुलूप लागलेली घरे पुष्कळ आहेत. मालक वारले, मुले बाहेर, दिवाळीला एकदा येऊन झाडलोट करून जातात. ती विकायला आहेत असा फलक कुठे नसतो आणि दलालाकडेही त्यांची नोंद नसते, कारण भावंडांत एकमत झालेले नसते. जो माणूस वर्षभर त्या गल्लीत राहिला, शेजारच्या काकूंच्या ओळखीने ज्याने घर भाड्याने घेतले, ज्याने गळकी कवेलू बदलून घेतली आणि भाडे वेळेवर दिले, त्याच्याशी बोलायला ती भावंडे तयार होतात. वडिलांचे घर पडण्यापेक्षा कुणी राहणारा माणूस घेतो आहे, याचे त्यांनाही बरे वाटते. सह्या एकेक करून जमतात, कधी दोन दिवाळ्या लागतात. तोवर वकिलाने आखीव पत्रिका, वारसनोंद आणि नगरपरिषदेचा कर भरल्याच्या पावत्या पाहून घ्याव्यात, मिस्त्रीला बोलावून पाया आणि छताची लाकडे तपासून घ्यावीत, आणि भाडेकरार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवून घ्यावा.